अण्णांच्या बोलण्यावरचा कडता

आमच्या अण्णांची जीप गोरेगाव-सेनगाव-हिंगोली अशी चालायची. खरं तर अर्धी जीप अण्णांची आणि अर्धी काकांची होती. एक आठवडा हे चालवायचे, एक आठवडा ते. पण अण्णांच्या तोंडी ती कायम ‘आपल्या गाड्या’ अशी असायची. ऐकणाऱ्याला वाटावं, घरामागे डेपो आहे.

मी अकरावीला हिंगोलीच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा अण्णांच्या शेजारच्या सीटवर बसून जायचे. त्यामुळे अण्णांचं बोलणं कसं वाढत जातं हे मी फार जवळून बघितलंय. एकदा सकाळच्या फेरीला गोरेगावच्या बाहेर एक ससा आडवा गेला. मी स्वतः बघितला. ससा होता आणि घाईत होता. सेनगावच्या स्टँडवर चहा पिताना अण्णा सांगत होते की रोही, म्हणजे नीलगाय, आडवं गेलं, ब्रेक लावला म्हणून गाडी वाचली. हिंगोलीत पोचेपर्यंत त्या रोह्याच्या मागे बिबट्या लागला होता. उतरताना मी म्हणाले, अण्णा, ससा होता तो. त्यावर ते न चिडता म्हणाले, “तू ससा पाह्यला, बराबर. पण तो काहून पळून राहिला होता, ते पाह्यलं का?”

याला आमच्याकडे फेकणं म्हणतात. ‘अण्णा फेकून राहिले’ असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि त्यात शिवी नव्हती. कारण फेकलेलं कसं घ्यायचं याचीही रीत ठरलेली होती. मोंढ्यात तुम्ही हळदीचं किंवा सोयाबीनचं पोतं नेलं की आडत्या माती, कचरा आणि ओलावा यांच्या नावाने वजनातून थोडं कापतो. त्याला कडता म्हणतात. शेतकरी कुरकुरतो, पण कडता जाणारच हे दोघांनाही माहीत असतं. तसाच कडता लोक अण्णांच्या बोलण्यावर कापायचे. अण्णा म्हणाले, जीप आत्ता निघते, की बाया निवांत जाऊन भाजी घेऊन यायच्या. अण्णा म्हणाले, गारा नारळाएवढ्या पडल्या, की लोक म्हणायचे, म्हणजे लिंबाएवढ्या. कोणी फसायचं नाही, कोणी रागवायचं नाही, आणि लिंबाएवढ्या गारांची बातमी बरोबर गावभर जायची.

घरात मात्र यावरून कटकट होती. दर पौर्णिमेला आम्ही सगळे वस्तीतल्या विहारात वंदनेला जायचो. पंचशील म्हणताना, खोटं बोलणार नाही हे जे चौथं शील आहे, तिथे अण्णांचा आवाज सगळ्यात खणखणीत लागायचा. आई हात जोडलेलेच ठेवून फक्त मान त्यांच्याकडे वळवायची. घरी येताना एकदा तिने विचारलं, तर अण्णांनी उत्तर तयार ठेवलेलं होतं. ते म्हणाले, जे नाही ते आहे म्हणणं हे खोटं. जे आहे तेच मोठं करून सांगणं हे खोटं कसं? ऐकणारा त्याच्या मापाने कापून घेतोच की. आई पुढे चालायला लागली. ती कशावरच फारसं बोलत नसे.

आई पुसेगावची. तिच्या माहेरची माणसं बोलताना शब्द असे वापरतात की जणू ते संपून जातील. सगळ्यात चांगल्या गोष्टीला ‘बरी’ आणि सगळ्यात वाईट गोष्टीला ‘जरा’. एकदा ती गोठ्याच्या पत्र्यावरून खाली पडली. मनगट सुजून टम्म झालेलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, जरा मुरगळल्यासारखं झालंय. त्याच हाताने तिने संध्याकाळच्या भाकऱ्या थापल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी जबरदस्तीने हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला तर हाड मोडलेलं. अण्णा स्टँडवर सांगत होते की बायकोच्या हाताचा चुरा झाला, आणि डॉक्टर आईला विचारत होते की बाई, तुम्हाला दुखत नव्हतं का. आई म्हणाली, जरा.

अशा दोघांच्या मधे मी आणि ताई वाढलो. एकाच्या बोलण्यातून कापायचं आणि दुसरीच्या बोलण्यात घालायचं, हे गणित आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून येत होतं.

खरं गणित कॉलेजात भेटलं. आमचे गणिताचे सर शंकूचे छेद शिकवत होते. त्यांनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, टोपी घातलेला एक दिवा भिंतीजवळ धरला आणि म्हणाले, बघा. भिंतीवर उजेडाची एक कड उमटली, दोन्ही बाजूंनी लांब लांब पसरत जाणारी. हा हायपरबोला, सर म्हणाले. मराठीत अपास्त. मग त्यांनी दिवा बाजूला ठेवला आणि शब्द सोडवायला बसले. सरांना गणिताइतकाच शब्दांचा नाद होता. परीक्षेत न येणारं ते सगळ्यात मन लावून शिकवायचे.

ते म्हणाले, हा मूळ ग्रीक शब्द. हायपर म्हणजे पलीकडे आणि पुढचा भाग फेकण्याचा. पलीकडे फेकलेलं. जुन्या ग्रीकांनी तीन वक्रांना तीन नावं दिली, ती मापावरून. एक मापाला कमी पडतो, तो इलिप्स. एक बरोबरीने राहतो, तो पॅराबोला. आणि एक मापाच्या पलीकडे जातो, तो हायपरबोला. आणि गंमत बघा, इंग्रजीत अतिशयोक्तीला जो शब्द आहे तोही हाच, शेवटच्या अक्षराचा काय तो फरक. बोलणाऱ्याने शब्द खऱ्याच्या पलीकडे फेकला की ती अतिशयोक्ती. आपल्याकडे ज्यांनी अपास्त हा शब्द बनवला तेही काही कच्चे नव्हते. संस्कृतात अस् म्हणजे फेकणे. त्यांनी फेकणं मराठीतही जसंच्या तसं आणलं.

मी हसले. चांगलं मोठ्याने हसले. वर्गात मुली चार आणि त्यातली एक मागे खो खो हसते म्हटल्यावर सरांनी मला उभं केलं. मी म्हणाले, सर, आमच्या गावात पण अतिशयोक्तीला फेकणंच म्हणतात, आणि आमचे अण्णा ते काम करतात. सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर त्या वक्राच्या दोन्ही बाजूंना दोन तिरक्या सरळ रेषा काढल्या आणि म्हणाले, मग अण्णांना सांग, ह्या अनंतस्पर्शी रेषा. अपास्त यांच्या जवळ जवळ जात राहतो, पण कधीच टेकत नाही.

परतताना मी अण्णांना हे सगळं सांगितलं. कमी पडणारा, बराबर राहणारा, पलीकडे फेकणारा. अण्णा सेनगावपर्यंत नुसते गिअर बदलत राहिले. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधल्या बायांना ते सांगत होते की हिंगोलीच्या कॉलेजात सध्या त्यांच्या बोलण्यावर धडा लागलाय, आणि परदेशात तर दोन-तीन हजार वर्षांपासून आहे. बायांनी कडता कापला आणि मला विचारलं, अण्णांनी कॉलेजात भांडण केलं का गं?

ह्या सगळ्याचं हसू व्हायचं ते ताईच्या लग्नाचं बघायला लागल्यावर थांबलं.

स्थळं बघताना आमच्याकडे दोन्हीकडचे थोडं थोडं फेकतातच आणि दोन्हीकडचे मनातल्या मनात कडता कापून घेतात. त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण ताईला बघायला आलेलं पहिलं स्थळ पुण्याकडून आलं होतं. अण्णा रंगात येऊन म्हणाले, आमची पोरगी डोळे मिटून ब्लाऊज शिवते. आता गोरेगावात याचा अर्थ एवढाच की पोरीला शिवण बरं येतं. मुलाच्या मामांनी मात्र ते खरं धरलं. ते कौतुकाने म्हणाले, अरे वा, दाखवा की. आणि शेजारच्या बाईचं अर्धवट शिवलेलं ब्लाऊज मशीनवर होतं, ते दाखवून ताईला म्हणाले, मिटा डोळे. ताई डोळे उघडे ठेवून आत निघून गेली. ते स्थळ मोडलं याचं तिला काहीच नव्हतं. तो मुलगा तिला आवडलाही नव्हता. पण लाज तिची गेली होती आणि अण्णा त्या दिवशी तिच्या नजरेतून उतरले.

त्यानंतर वारंगा फाट्याचं स्थळ आलं, आणि हे वेगळं होतं, कारण ह्या मुलाला ताईने आधीच बघितलेलं होतं. हे फक्त मला माहीत होतं. मुलाचं फाट्यावर मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार न्यायची, आतली तार नवी भरायची, परत आणून बसवायची. गोरेगावच्या एका शेतातली मोटार घेऊन तो एकदा आमच्याच जीपमधून गेला. गाडी खच्चून भरलेली, मोटार खाली पायांत, आणि समोर ताई. तो म्हणाला, तुमच्या पायाला लागंल. आणि सेनगावपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्याने ती मोटार स्वतःच्या पायाने अडवून धरली. बस, एवढंच घडलं होतं. हे मला ताईने किती वेळा सांगितलं ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी गोष्ट तेवढीच असायची, एका खड्ड्यानेही वाढलेली नसायची. त्यावरून मला कळलं की तिला तो खरंच हवा आहे.

म्हणून पाहुणे यायच्या आधीच्या पौर्णिमेला ताईने अण्णांना विहारात धरलं. वंदना झाली होती, लोक गेले होते. ती म्हणाली, “अण्णा, चौथं शील पुन्हा म्हणा. एकट्यानं. आन् पाहुणे येऊन जाईपर्यंत पाळा.”

अण्णा हसण्यावारी नेणार होते. पण ताईचा चेहरा बघून त्यांनी हात जोडले आणि म्हटलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

मग घरात खरं बोलायची तालीम सुरू झाली. ताई पाहुणा व्हायची, अण्णा अण्णाच. ती विचारायची, जमीन किती? अण्णा सुरू करायचे, गोरेगावच्या शिवारात उभं राहून नजर टाकली का… ताई नुसतं ‘अण्णा’ म्हणायची. ते थांबायचे आणि म्हणायचे, तीन एकर. कोरडवाहू. पाणी? विहीर आहे. विहिरीला पाणी? यावर फार वेळ जायचा. शेवटी उत्तर यायचं, हिवाळ्यापर्यंत. जीप? अण्णा उठून पाणी प्यायचे, खुंटीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसायचे, परत बसायचे आणि म्हणायचे, अर्धी. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आई चुलीपाशी बसून हे बघायची आणि तिचा पदर तोंडाशी असायचा. ती हसत होती, असा माझा अंदाज आहे. तिच्याबाबतीत अंदाजच करावा लागतो.

पाहुणे आले ते तिघं. मुलगा, त्याची आई आणि त्याचे चुलते. चुलते मोंढ्यात मापाडी होते. पोत्यावर नुसता हात ठेवून किती कडता बसेल ते सांगतो, असं त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. बोलणं सगळं तेच करणार हे उघड होतं. मुलाची आई कोपऱ्यात पदर सावरून बसली होती. मुलगा स्वतःच्या हातांकडे बघत होता.

चुलत्यांनी सुरुवात केली आणि काय सांगू, काय फेकलं! पोराच्या दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागते ती पार कळमनुरीच्या रस्त्यापर्यंत. लोक पोराला झोपू देत नाहीत. नांदेडहून माणसं मोटारी घेऊन येतात, नांदेडात काय दुकानं नाहीत का? मी अण्णांकडे बघत होते. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. दोन चांगले भजन म्हणणारे एका गावात भेटावेत तसा तो प्रसंग होता, आणि यातल्या एकाने मौन घेतलं होतं. इतर दिवशी अण्णांनी त्या रांगेच्या शेवटी आपल्या दोन जीपा उभ्या केल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत लग्न ठरलं असतं. अण्णा फक्त ‘बरं’ म्हणाले.

मग चुलत्यांनी विचारायला सुरुवात केली. जमीन? अण्णा म्हणाले, तीन एकर, कोरडवाहू.

चुलते थांबले. त्यांच्या कपाळावर हिशेब चाललेला मला दिसत होता. बाप मुलीच्या सोयरिकीला बसलाय, तीन म्हणतोय, म्हणजे दीड. विहीर? आहे, पाणी हिवाळ्यापर्यंत. म्हणजे दिवाळीला विहीर कोरडी. जीप? अर्धी. इथे कडता अडकला. अर्ध्याचं अर्धं म्हणजे काय, ते चुलत्यांना उमगेना. त्यांनी दारातून बाहेर उभ्या जीपकडे असं बघितलं की हिचं कोणतं चाक आपल्या सोयऱ्याचं असेल. मुलगी किती शिकली? बारावी पास, दुसऱ्या खेपेला. यावर ते उघडच म्हणाले, म्हणजे दहावी. अण्णा म्हणाले, नाही, बारावीच. शिवण? ब्लाऊज, परकर, झबली येतात, कोट येत नाही. म्हणजे फाटलेलं सांधते, असं म्हणून चुलत्यांनी कप खाली ठेवला.

अण्णांना आता घाम फुटला होता. त्यांनी हजारो माणसांना ससा दाखवून बिबट्या विकला होता, पण ससा दाखवून ससा कसा विकायचा हे त्यांना येत नव्हतं. आणि मग त्यांनी सगळ्यात मोठी चूक केली. ते म्हणाले, शप्पथ सांगतो पाहुणे, मी सगळं खरं सांगून राहिलो. मोंढ्यात माल कोरडा आहे म्हणून जो शेतकरी शपथ घेतो, त्याच्या पोत्यात मापाडी हात कोपरापर्यंत घालतो. चुलत्यांचा चेहरा पार बंद झाला. ते उठले आणि म्हणाले, कळवतो.

आमच्याकडे ‘कळवतो’चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. कोणी कधी कळवत नाही.

मुलगा हळूच म्हणाला, काका, बसा ना थोडं. चुलत्यांनी ते ऐकलं नाही. ताई आतल्या दारात रिकामा ट्रे घेऊन उभी होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरलेले नाही. एक शब्द टाकू दे, एकच, असं ते डोळ्यांनी मागत होते. शिवारभर जमीन, दोन जीपा, काहीही. त्यांच्या ओठांवर सगळं तयार होतं. ताईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. तिला मुलगा हवा होता, फार हवा होता. तरी तिने मान हलवली. नाही. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की ट्रे हिसकावून घ्यावासा वाटला, आणि त्याच वेळी असंही वाटलं की माझी बहीण असावी तर हीच.

अण्णांनी तोंड मिटलं.

आई एवढा वेळ चुलीपाशी होती. ती उठून ताईच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “पोरगी बरी हाय.”

ह्या बाईने आयुष्यात एकदा पाहुण्यांपुढे तोंड उघडलं आणि बोलली काय, तर बरी. यातून चुलत्यांनी कडता कापला तर मागे उरणार काय?

पण चुलत्यांच्या आधी कोपऱ्यातून आवाज आला. मुलाची आई, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, तिने विचारलं, बाई, तुमचं माहेर कोणतं?

आई म्हणाली, पुसेगाव.

त्या बाईने पदर नीट केला आणि दिराकडे वळून म्हणाली, “भावजी, बसा खाली. माझी आई पुसेगावची. ज्या दिवशी गेली, त्या दिवशी सकाळी मी इचारलं, आई, कसं वाटून राहिलं? म्हणली, जरा थकवा हाय. दुपारी गेली. पुसेगावची बाई लेकीला बरी म्हणून राहिली. हितं कडता न्हाई कापायचा भावजी, हितं वरून टाकायचं.”

चुलते उभ्याचे बसले. मग तिने पुढचंही सांगून टाकलं. अशा बाईबरोबर ज्याने जन्म काढला तो माणूस शपथेवर तीन एकर म्हणत असेल तर तीनच असणार.

आता अण्णांच्या बाबतीत हा तर्क साफ चुकीचा होता, पण त्या दिवसापुरता बरोबर होता आणि आम्ही कोणी तो दुरुस्त करायला गेलो नाही. चुलते मात्र चक्रावले होते. त्यांनी अण्णांना विचारलं, तीन म्हणजे तीन? अण्णा म्हणाले, तीन. जीप अर्धी म्हणजे अर्धी? अर्धी. चुलत्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, “मग पाहुणे, आधीच काहून न्हाई सांगितलं?”

त्यावर मुलगा हसला. मान खाली घालून, पण चांगला हसला. ताईने ट्रे माझ्या हातात दिला आणि ती आत जाऊन रडली.

लग्न आमच्याच दारात झालं. आदल्या दिवशी हळद लावताना ताई अण्णांना म्हणाली, आता बोला, काय बोलायचं ते. बांध फुटला. जेवायला तालुका लोटलाय, पंगतीचं शेवटचं पान वारंगा फाट्यावर आहे, असं अण्णा येईल त्याला सांगत होते, आणि चुलते शेजारी बसून त्या पंगतीत आपली माणसं घालत होते. दोघांची अशी गट्टी जमली की पाठवणीच्या वेळी त्यांना शोधून आणावं लागलं.

ताईला सासरी पोचवायला अण्णा स्वतः जीप घेऊन गेले. आठवडा काकांचा होता, पण काकांनी गाडी दिली. आले तेव्हा अंधार पडत होता. आईने विचारलं, पोचली का? ते म्हणाले, पोचली. माणसं कशी आहेत? बरी आहेत. मी वाट बघत बसले. आता कळमनुरीपर्यंतची रांग येईल, मोटारींचे डोंगर येतील, सासूने ओवाळलेलं सोन्याचं ताट येईल. अण्णा हातपाय धुऊन जेवायला बसले आणि काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. स्टँडवर लोक विचारायचे, अण्णा, लेक गेली, कसं वाटतंय? अण्णा म्हणायचे, ठीक आहे, घर जरा मोठं झाल्यासारखं वाटतंय. जरा! हा आईचा शब्द त्यांच्या तोंडात मला बघवत नव्हता. आणि लोक? लोकांना इतक्या वर्षांची सवय. त्यांनी त्या ‘जरा’तूनही कडता कापला. माझ्यासमोर जीपमधली एक बाई दुसरीला म्हणाली, बाप्या माणसांचं बरं असतं, चार दिवसांत विसरतात. मला त्या बाईला खाली उतरवून सांगावंसं वाटलं की बाई, आमच्या अण्णांच्या बोलण्यात कापायचं असतं ते आजपासून बंद, आता घालायचं. पण सेनगावच्या रस्त्यावर हे कुणाला समजावून सांगणार? कॉलेजात सरांनी कमी पडणाऱ्या वक्राचं जे सांगितलं होतं, ते मला तेव्हा उमगलं. जे खूप मोठं असतं, ते कधी कधी मापात कमी पडून येतं.

आठवडाभराने एका दुपारी अण्णा जेवायला घरी आले. आईने ताट वाढलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तसाच ताटात ठेवला. समोर ताईची शिलाई मशीन कापड टाकून झाकून ठेवलेली होती. मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसले होते. आई त्यांच्यासमोर बसली आणि तिने मोडून बरा झालेला हात ताटाच्या कडेवर ठेवला.

“लई आठवण येती,” ती म्हणाली. “आभाळाएवढी. आभाळात बी मावत न्हाई.”

मी पुस्तक मिटलं. आईच्या तोंडी एवढा मोठा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. अण्णांनीही ऐकला नसावा. त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडवतील. इतक्या वर्षांनी संधी आली होती. कडता कापून म्हणाले असते, म्हणजे छपराएवढी ना?

अण्णा म्हणाले, “बराबर हाय.” आणि ते रडायला लागले.

आईने ताटातली भाकरी उचलली, मधोमध मोडली, अर्धी त्यांच्या हातात दिली आणि अर्धी स्वतः खायला घेतली.